बिनखांबी हॉल

यशवंतपुरात मान्यांचं घर कुठं, असं रिक्षावाल्याला विचारून काही उपयोग नाही. पण भाऊकीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराला 'बिनखांबी हॉल' म्हणा, तो तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल आणि वर बजावेल, आत गेलात की हात पसरून गोल फिरा, नाहीतर अज्जी कॉफी देत नाही.

ही अज्जी म्हणजे कौशल्याबाई माने. घरात नवं माणूस आलं की बाई त्याला चपला काढायचीसुद्धा उसंत द्यायच्या नाहीत. हॉलच्या मधोमध नेऊन उभं करायचं. "पसरा हात. पसरा की हो, लाजताय काय! आता फिरा. लागलं कशाला? नाही ना?" एकदा गॅसवाल्यालाही त्यांनी फिरवलं होतं. तो बिचारा सिलिंडर खाली ठेवून फिरला आणि छान आहे म्हणाला. त्याला लाडू मिळाला.

खांब मुळातच नव्हता असं नाही हं. होता. हॉलच्या बरोबर मध्यावर, जाडजूड, पिस्ता रंगाचा. बाईंचे यजमान जयसिंगराव मशिनं बनवायच्या कारखान्यात फोरमन होते, तेव्हा त्यांनी हे घर बांधलं. खाली हॉल आणि दोन खोल्या, वर एक मजला, त्यावर गच्ची. खांब सगळ्याला खालून धरून होता आणि त्याच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. कौशल्याबाई त्याला पाठ टेकून भाजी निवडायच्या. मुलगा शंभूराज त्याला धरून चालायला शिकला.

तक्रार निघाली ती शंभूराजच्या लग्नात. मान्यांची भाऊकी म्हणजे कधीकाळी फौजेबरोबर इकडं उतरलेली आणि मग इथलीच होऊन गेलेली घरं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडण दोन्हीत. घरात लग्न झालं की भवानीचा गोंधळ घालायचा, हा कुळाचार. त्यात मान्यांचा स्वतःचा एक नियम असा, की देवी भिंतीला टेकवायची नाही, कोपऱ्यात तर नाहीच नाही. घराच्या मधोमध बसवायची आणि भाऊकीनं तिच्या चारी बाजूंनी बसायचं, म्हणजे कुणी पुढचा नाही नि कुणी मागचा नाही. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात गोंधळ व्हायचा दरवेळी मल्लेश्वरमला, अप्पासाहेबांच्या घरी. भाऊकीत थोरले ते, आणि तेवढा हॉलही त्यांचाच. चारी बाजू तिथं होत्या, पण त्यातली एक स्वयंपाकघराच्या दाराशी होती, जिथं धूर यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागायचे. तुमकूरला शिलाई मशीन चालवणाऱ्या बापाची पोर म्हणून कौशल्याबाईंना लग्न झाल्यापासून तीच बाजू मिळत आली. कुणी मुद्दाम सांगायचं नाही. फक्त बाकीच्या बाजू भरलेल्या असायच्या.

तेव्हा शंभूराजचं लग्न ठरताच बाईंनी जाहीर केलं, की गोंधळ माझ्या घरी, यशवंतपूरला. अप्पासाहेब हसले. "अगं कौशल्या, मधोमध तर तुमचा खांब उभा आहे. देवीला काय खांबाच्या आड बसवणार? आमच्याकडेच या सगळे."

घरी येऊन चपला काढता काढता बाई नवऱ्याला म्हणाल्या, "खांब काढा."

"काढा म्हणजे? ती काय खुर्ची आहे?"

"समोरच्या नागराजनं जिना थेट रस्त्यात काढलाय. पलीकडं रातोरात दोन मजले चढले. कोण आलं विचारायला? आणि तुमच्यानं घरातला एक खांब निघत नाही. फोरमन म्हणे!"

हे 'फोरमन म्हणे' जयसिंगरावांना फार झोंबलं. ते स्टुलावर चढले आणि वरच्या तुळईवर त्यांनी हातोडीनं टकटक केलं. कारखान्यात ओतीव माल ते असाच वाजवून बघायचे. आवाज बद्द आला तर माल परत, खणखणीत आला तर पास. तुळई खणखणीत वाजली. जयसिंगरावांनी पास केली. अहो, लोखंडाच्या ओतिवाची परीक्षा सिमेंटला लावायची नसते, पण हे त्यांना सांगणार कोण? पालिकेची परवानगी, इंजिनिअरचा नकाशा, असल्या भानगडीत कुणी पडलंच नाही. मेस्त्री 'आगत्ते अक्का, आगत्ते' करत आला, होतंय की, त्यात काय. आणि खांब तुकड्या-तुकड्यांनी पोत्यात भरून निघून गेला.

मग गोंधळ झाला. असा झाला, की अख्ख्या भाऊकीनं तोंडात बोटं घातली. हॉलच्या बरोबर मध्यावर देवी आणि चारी बाजूंनी माणसं, स्वयंपाकघराचं दार कुणाच्याही पाठीशी नाही. त्या दिवशी कौशल्याबाईंची मान जी ताठ झाली, ती पुढं कधी वाकलीच नाही. त्यानंतर बारसं असो, डोहाळजेवण असो, लोक विचारायचे, अक्का, हॉल मिळेल का? बाई कुणाकडून एक पैसा घ्यायच्या नाहीत. भाडं एकच, कौतुक. तेवढं मात्र पुरतं वसूल करायच्या.

तीन वर्षं अशी मजेत गेली आणि एका सकाळी खुद्द अप्पासाहेब दारात उभे राहिले. बरोबर मुलगा विश्वासराव. मल्लेश्वरमचं घर त्यांनी मागंच बिल्डरला देऊन टाकलं होतं आणि आता ते अकराव्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहत होते. नातवाचं लग्न झालं होतं, गोंधळ व्हायचा होता, आणि फ्लॅटच्या कमिटीनं पोत पेटवायला साफ मनाई केली होती. पोत म्हणजे देवीसमोरची मशाल, तिच्याशिवाय कसला गोंधळ?

अप्पासाहेबांनी कॉफी घेतली. हवेबद्दल बोलले, मेट्रोबद्दल बोलले. कौशल्याबाई समोर बसून नुसत्या 'हं हं' करत होत्या. का आलेत ते त्यांना दारातच कळलं होतं, पण आयतं बोलून देतील त्या कौशल्याबाई कसल्या!

शेवटी अप्पासाहेब घसा खाकरून म्हणाले, "गोंधळ तुझ्याकडं घालावा म्हणतो."

"काय म्हणालात? हा पंखा फार आवाज करतो बघा."

"म्हटलं," अप्पासाहेबांनी आवाज चढवला, "गोंधळ तुझ्या हॉलमध्ये घालू दे आम्हाला."

"अय्यो, त्यात विचारायचं काय? घर तुमचंच." बाई उठून आत गेल्या, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या. मग डोळे पुसले. हसताना पाणी आलं होतं की आणखी कशानं, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

इथवर सगळं झकास. पण वरच्या मजल्यावर शंभूराज आणि त्याची बायको निवेदिता राहत होते. निवेदिता पुण्याची, नोकरी व्हाइटफील्डला, बोलण्यात निम्मं इंग्रजी. ती एक दिवस खाली येऊन म्हणाली, "आई, आमच्या बेडरूमचं दार परत जॅम झालंय. आणि टाइल्स उचलल्यात. काल अक्षरशः फाट्कन आवाज आला."

"पावसाळ्यात लाकूड फुगतं गं."

"आई, एप्रिल चालू आहे."

"मग उन्हानं आक्रसलं असेल."

निवेदितानं वाद घातला नाही. ती तशी वाद घालणारी नव्हती. ती फोन करणारी होती. दुसऱ्या दिवशी तिच्या ओळखीची कावेरी नावाची इंजिनिअर आली, इमारतींचीच. सवयीनं कौशल्याबाई तिला हॉलच्या मध्यावर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "पसरा हात." कावेरीनं हात पसरले नाहीत. ती वर बघत होती. मग तिनं स्टूल मागितलं, तुळईवरचा रंग खरवडला, टॉर्च मारला, वर जाऊन आली, गच्चीवर जाऊन आली. आणि खाली येऊन जे बोलली ते कन्नडात बोलली, पण नको इतकं स्पष्ट कळलं.

"अक्का, इथला खांब कुणी काढला?"

"का? काय झालं?"

"तुळई मध्यावर वाकलीय. चीर खालून वर चाललीय. आजच्या आज खाली लोखंडी टेकू लावा, गच्चीवरची टाकी रिकामी करा, वरची माणसं दुसरीकडं हलवा. तुळई मजबूत करून खांब परत उभा होईपर्यंत वर गर्दी नको नि खालीही नको."

जयसिंगराव मटकन खुर्चीत बसले. "मी वाजवून बघितली होती हो," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना.

टेकू त्याच दुपारी आले. दोन, गंजलेले, जाडे, हॉलच्या बरोबर मध्यावर. कौशल्याबाईंना ते डोळ्यांत खुपायला लागले. त्यांनी कावेरीला हळूच बाजूला घेतलं. "मंगळवारी आमच्याकडं देवीचं कार्य आहे. एका संध्याकाळपुरते काढले तर? नंतर परत लावू की."

"अक्का," कावेरी म्हणाली, "नंतर लावायला कुणी राहायला हवं ना."

निवेदितानं दोघांच्या बॅगा भरल्या. व्हाइटफील्डला मैत्रिणीकडं राहायचं ठरलं. जाताना ती सासूसमोर उभी राहिली. "आई, प्लीज, गोंधळ कॅन्सल करा."

"कॅन्सल करायला ती काय टॅक्सी आहे?"

"मग त्यांना निदान सांगा तरी. का नाही सांगत?"

का नाही सांगत! कौशल्याबाईंना आतून कढ आला. या पोरीला काय कळणार? हिला आल्या दिवसापासून मधोमध बसायला मिळालंय. "अप्पासाहेबांनी माझ्याकडं मागितलंय," त्या म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी त्यांना सांगू, की येऊ नका, माझं घर पडायला आलंय? जीव गेला तरी नाही सांगणार मी."

"जीव गेला तरी, असंच म्हणताय तुम्ही," निवेदिता म्हणाली. आणि गेली.

बाईंनी मनाशी सगळी सोय लावून टाकली. टेकू दिलेत ना? मग झालं. टाकी रिकामी, वरचा मजला रिकामा. जेवणाची पंगत एरवी गच्चीवर असायची, ती यंदा खाली रस्त्यावर मांडव घालून. हॉलमध्ये काय, तासाभराचा खेळ. विश्वासरावांना त्यांनी फोनवर बजावलं, गच्चीवर कुणीही जायचं नाही. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं झालंच नसतं. पण विश्वासराव मल्लेश्वरमचे. त्यांना वाटलं, बाईला आपली गच्ची मळेल याची भीती. एवढा मोठा हॉल मिरवते आणि चार माणसं गच्चीवर जेवली तर पोटात दुखतं.

मंगळवार उजाडला. फुलवाल्याला बोलावून बाईंनी दोन्ही टेकूंना केळीची खोडं बांधून घेतली, वरून झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, वर जरीचं कापड आडवं. टेकूंचा मागमूस राहिला नाही. आणि त्या दोघांच्या मधोमध पाटावर नवं वस्त्र, त्यावर तांदळाची रास, राशीवर तांब्याचा कलश, विड्याची पानं, नारळ, भोवती पाच ऊस. देवी बसली. खरं सांगायचं तर इतकी सुंदर ती मल्लेश्वरमलाही कधी दिसली नव्हती. कौशल्याबाई मागं सरकून बघत राहिल्या आणि त्यांना वाटलं, बघ भवानी, तुझ्यासाठी मी काय काय केलं. मग लगेच वाटलं, हिच्यासाठी की माझ्यासाठी? त्या घाईघाईनं हळद शोधायला उठल्या.

दिवस कलला तशी माणसं यायला लागली. जरीचे फेटे, हिरव्या साड्या, मुलांचा कलकलाट. चारी बाजू भरल्या. मल्लेश्वरमच्या बायका आत येऊन पहिल्यांदा वर बघायच्या आणि मग एकमेकींकडं. कौशल्याबाईंना ते बघणं अंगावर शालीसारखं वाटत होतं. अप्पासाहेबांची नातसून गौरी आणि तिचा नवरा देवीसमोर पाटावर बसले. बेळगावकडून आलेला गोंधळी संबळ ताणून बघत होता. निवेदिता आली, पण उंबरा ओलांडून आत नाही. रस्त्यावरच्या मांडवात उभी राहून ती दारातून आत बघत होती. तिचं ते नुसतं बघणं कौशल्याबाई टाळत होत्या.

आणि अप्पासाहेब उभे राहिले. हातानं सगळ्यांना गप्प केलं.

"सुरू करण्याआधी दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. "गोंधळ इतकी वर्षं आमच्याकडं झाला. मला वाटायचं, तसा तो कुणाकडं होणार नाही. आज डोळ्यांनी बघतोय. असं घर आपल्या भाऊकीत दुसरं नाही. वर बघा, केवढं छत आणि मधे खांब नाही. ही बाई आमच्या घरात आली तेव्हा आम्ही तिला ओळखलं नाही. आज मान्य करतो. कौशल्यानं मान्यांचं नाव राखलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे शब्द! धुराच्या त्या बाजूला बसून किती वर्षं या शब्दांची वाट बघितली होती कौशल्याबाईंनी. त्यांचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी वर काहीतरी सरकलं. जड. घरंगळत गेल्यासारखं. मग आणखी एक.

"हे काय?" बाईंनी शेजारी बसलेल्या विश्वासरावांना विचारलं.

"काही नाही, पाण्याचे ड्रम," विश्वासराव पुटपुटले. "पंगत गच्चीवरच मांडलीय वहिनी. रस्त्यावर धूळ फार. आचारी, भांडी सगळं मागच्या जिन्यानं वर गेलंय. तुम्ही काळजी करू नका, गच्ची धुऊन देऊ आम्ही."

बाईंनी वर बघितलं नाही. समोर बघितलं. गौरीच्या हिरव्या साडीवर, खांद्यापाशी, चिमूटभर पांढरी भुकटी पडली होती. अप्पासाहेबांनी ती बोटानं अलगद झटकली, 'फुलांची असेल' म्हणाले, आणि गौरी हसली. परत तेवढीच भुकटी पडली. त्याच खांद्यावर.

कौशल्याबाई उठल्या.

"उठा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच, पण घशातून नाही, पोटातून आला. "सगळे उठा. बाहेर चला. गौरी, ऊठ बाळ, आधी तू. मुलांना उचला. चपला राहू द्यात."

कुणी हलेना. कुणाला वाटलं बाईंच्या अंगात आलं. अप्पासाहेब म्हणाले, "कौशल्या, काय चाललंय?"

आता बाईंना सबब सुचली असती. साप निघाला म्हणता आलं असतं, गॅसचा वास येतोय म्हणता आलं असतं. लोक पळत सुटले असते आणि नाव राहिलं असतं. पण कौशल्याबाईंनी पुढं होऊन टेकूवरची झेंडूची माळ ओढली, केळीचं खोड धरून खाली पाडलं. आतला गंजका लोखंडी दांडा सगळ्यांसमोर उघडा पडला.

"हे घर उभं आहे ते ह्याच्यावर," त्या म्हणाल्या. "इथं खांब होता. तो काढायला नको होता. कुणाला विचारलं नाही, कागद काढला नाही. तुळई वाकलीय. माझं घर तुम्हाला बसवण्याच्या लायकीचं नाही. उठा म्हणते ना!"

तेव्हा उठले. जयसिंगरावांचं त्या दिवशी कौतुक करायला हवं. ते मागच्या जिन्यानं वर धावले, गॅस बंद केला, भांडी तिथंच ठेवायला लावून आचाऱ्यांना खाली हाकललं. माणसं दारातून बाहेर पडत होती. कौशल्याबाई दाराशी उभ्या राहून एकेकाला पाठीवर हात ठेवून बाहेर काढत होत्या.

हॉल रिकामा झाला, पण देवी तिथंच होती. अप्पासाहेब उंबऱ्यावर अडून उभे. "बसलेली देवी हलवत नाहीत," ते म्हणाले. "ते चालणार नाही."

"दोष मी घेते," बाई म्हणाल्या.

गोंधळी संबळ गळ्यात अडकवून बाहेर निघाला होता, तो थांबला. "उचला आई," तो म्हणाला. "डोंगर सोडून ती तुमच्या घरापर्यंत येते, तिला एक उंबरा काय जड आहे?"

कौशल्याबाईंनी पाटाची एक बाजू धरली. दुसरी धरायला कुणी आलं म्हणून त्यांनी बघितलं, तर निवेदिता. उंबरा ओलांडून आत आली होती, आत्ता, सगळे बाहेर पडल्यावर. "बाहेर हो गं!" बाई ओरडल्या.

"आई, उचला लवकर. वन, टू, थ्री."

दोघींनी देवी बाहेर आणली. तांदळाचा एक दाणा सांडला नाही. ऊस तेवढे मागून एकानं ओढून आणले.

रस्त्यावर आधी नुसता गोंधळ माजला, देवीचा नव्हे, माणसांचा. जो तो बोलत होता. नागराज समोरच्या जिन्यावरून खाली उतरला आणि आपली सतरंजी घेऊन आला. शंभूराजनं दोघा-तिघांना घेऊन रस्ता दोन्हीकडून अडवला. पाट रस्त्याच्या मध्यावर ठेवला गेला. जयसिंगराव धापा टाकत आले आणि हात जोडून भाऊकीसमोर उभे राहिले. "चूक माझी आहे. तुळई मी पास केली. खांब मी काढला."

"तुम्ही?" कौशल्याबाई उसळल्या. "तुमच्या मनानं तुम्ही कधी खिळा तरी काढलात? खांब माझ्या सांगण्यावरून निघालाय. उगाच मधे पडू नका."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. विश्वासराव मात्र हसले नाहीत. ते घराभोवती एक चक्कर मारून आले, दारातून वाकून आत बघून आले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काहीसुद्धा झालेलं नाही हो वहिनी. छत आहे तिथंच आहे. एवढ्या लोकांना उगाच रस्त्यावर आणलंत."

"नाही ना झालं?" बाई म्हणाल्या. "मग बसा."

आणि काही झालं नाही हेच बरं, असं त्यांना अगदी आतून वाटत होतं. छत पडलं असतं तर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. आता ते पडलं नाही, म्हणजे जन्मभर कुणी ना कुणी विचारणार, की अक्का, त्या दिवशी एवढं कशाला केलंत? विचारू देत. त्यांना कळत होतं त्यांनी काय केलं ते. त्यांना स्वतःचा इतका अभिमान वाटत होता, की खाली बसवेना.

अप्पासाहेब अजून बसले नव्हते. ते हळूहळू चालत कौशल्याबाईंसमोर आले. चेहरा लाल झाला होता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"आठवडा झाला."

"आठवडा!" त्यांचा आवाज फाटला. "आणि माझी नातसून त्याच्याखाली बसवलीस? पोरं बसवलीस?"

कौशल्याबाईंनी नजर खाली घातली नाही.

"हो, बसवली," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या घरी यावं म्हणून बसवली. देवी मला त्याची शिक्षा देईल ती मी भोगीन. पण उठवली तीही मीच, अप्पासाहेब. तुम्ही माझं कौतुक करत होतात, आणि मी उठवली."

अप्पासाहेब वळले आणि सतरंजीवर बसले. म्हातारं माणूस, बसायला वेळ लागला. ते बसले तशी बाकीची भाऊकी बसली, देवीच्या चारी बाजूंनी, रस्ताभर. शेजारपाजारची कन्नड माणसंही येऊन टेकली. पोत पेटला.

गोंधळ्यानं संबळावर थाप मारली आणि थांबला. "यजमान," त्यानं अप्पासाहेबांना विचारलं, "देवीला बोलावताना घर कुणाचं म्हणू? आपण तर रस्त्यावर आहोत."

विश्वासरावांनी तोंड उघडलं होतं, पण अप्पासाहेबांनी हात वर केला.

"घर कौशल्याचं म्हण," ते चिडक्या आवाजात म्हणाले. "आणि लवकर म्हण. पोरांना भुका लागल्यात."

कौशल्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि देवीसमोर, जागा होती तिथं, बसल्या.